कणकेला पाणी

"मरणारा माणूस शेवटी जे बोलतो ते सगळं मानायचंच असतं का, बुवा?"

यादवबुवा मठीच्या ओसरीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. हातातली शेंग त्यांनी पुरती सोलली, तुकडे ताटलीत टाकले, आणि मग वर पाहिलं.

"काय बोलले भिकाजी?"

"म्हणाले, पखवाज लिंबाला दे."

"मग?"

"मग काही नाही. गेले."

"दिलास?"

कापडी खोळीतला पखवाज त्र्यंबकनं मांडीला लावूनच ठेवला होता. कुणी हिसकावून घेईल अशा भीतीनं.

त्र्यंबक गुरव म्हणजे आता साधा माणूस नव्हता. रेडिओवर वाजवून आलेला, घरी शालींची चळत लागलेली. नावाआधी कुणी 'पंडित' लावलं तर तो नको नको म्हणायचा, पण जरा हळू आवाजात.

भिकाजी म्हणजे त्याचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणत. नदीपलीकडच्या महादेवाचे पुजारी, आणि दोन्ही काठांवर त्यांच्या तोडीचा पखवाजी नव्हता. लिंबा हा तिथल्याच नावाड्याचा मुलगा. त्र्यंबक आणि लिंबा एका वयाचे. एकत्र पोहले, एकत्र मार खाल्ला, नदीच्या वाळवंटातल्या वाडीतली खरबुजं एकत्रच चोरली.

यादवबुवा दर वर्षी त्या देवळात कीर्तनाला जात, आणि आबा त्यांच्या साथीला असत. त्या वेळचं बघितलेलं माणूस आता हे एवढंच उरलं होतं.

"पुलावरून आलास?" बुवांनी विचारलं.

"हो. गाडी आहे."

"केवढा वळसा! नावेत बसला असतास तर चहा उकळेपर्यंत पोचला असतास. लिंबाची नाव बंद पडली काय?"

"नाही... चालू आहे."

बुवांनी दुसरी शेंग घेतली.

"आबांचं बोलणं आणखी कुणी ऐकलं होतं?"

"मी एकटाच होतो जवळ."

"मग ठेवून घ्यायचा की मुकाट्यानं. कोण विचारायला येतंय? माझ्याकडे कशाला आलास?"

वर्षभर तो पखवाज त्र्यंबककडेच होता आणि वर्षभर त्याला नीट झोप नव्हती.

"परवा वर्षश्राद्ध आहे," तो म्हणाला. "त्याआधी हे मनातून काढून टाकायचंय. तुम्ही फक्त एकदा म्हणा, बापाचा पखवाज मुलाचा. तुम्ही म्हणालात की सुटलो."

"म्हणतो की. माझं काय जातंय? पण लिंबाला का नाही, ते तरी कळू दे."

"का द्यायचा त्याला?" त्र्यंबकचा आवाज चढला. "आयुष्यभर सगळं त्यालाच दिलं! वल्हं मारून मारून त्याचा पंजा हा एवढा झालेला. आबा चारचौघांत त्याचा हात वर धरून दाखवायचे. बघा, थाप पडावी तर अशा हाताची. माझा हात कुणाला दाखवला नाही त्यांनी. त्याला पखवाजापुढे बसवायचे, आणि मला सांगायचे, जा, कणीक मळून आण."

पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय डावं घुमत नाही. वाजवून झालं की ती काढून टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी. आबांच्या घरात हे काम पोटच्या पोराकडे होतं.

"एकदा माझ्यादेखत म्हणाले..." त्र्यंबक अडखळला. "म्हणाले, हा माझ्या पोटी यायला हवा होता. मी मळत होतो, बुवा. माझे हात तसेच परातीत राहिले."

नदीकडून गरम वारा आला. शेंगांची सालं ओसरीभर उडाली. दोघांपैकी कुणीच ती गोळा केली नाहीत.

"लिंबा काय म्हणाला त्यावर?"

"तो काय म्हणणार..."

"काहीतरी म्हणाला असेल."

त्र्यंबकनं नदीकडे पाहिलं. चैत्रातलं पाणी उतरलं होतं, काठचे दगड उघडे पडले होते. पलीकडच्या घाटाशी एक नाव होती, आणि इतक्या लांबूनही ती कुणाची ते त्याला कळत होतं.

"त्या संध्याकाळी मला नावेत घेऊन गेला. मी रडत होतो. म्हणाला, 'तिंबक्या, आबांनी आज मला जे दिलं ते निम्मं तुझं हाय. बस हितं.' आणि नावेच्या फळीवर वाजवून दाखवलं. एक बोल वाजवायचा आणि थांबायचा. मग तोच मी वाजवायचा. मग पुढचा बोल. रोज. अंधार पडून फळी दिसेनाशी होईपर्यंत."

"हे कधी कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

"मुलाखती तर बऱ्याच झाल्या म्हणे."

त्र्यंबकनं मान खाली घातली.

"आणि यात्रेचा दिवस?" बुवांनी विचारलं.

इथे मात्र त्र्यंबकची गाडी रुळावर आली. ही हकीकत त्यानं इतक्यांदा सांगितली होती की शब्द आपोआप ओळीनं येत होते.

"चैत्रातली यात्रा. भर दुपारी तुमचं कीर्तन. आबांनी पहिल्यांदाच लिंबाला साथीला बसवलं. मी त्याच्या डाव्या बाजूला, पाण्याची वाटी घेऊन. उन्हाळी वाऱ्यानं कणीक भराभर सुकते, तिला मधूनमधून पाण्याचा हात लावावा लागतो. याला त्याचं भान नाही! कणीक पार वाळली. डावं घुमेना, नुसतं खडखडायला लागलं. भरल्या देवळात आबांनी त्याला दंड धरून उठवलं. 'एवढं कळत नाही तुला?' म्हणाले. आणि मला म्हणाले, 'तू बस.' मी बसलो."

"आणि छान वाजवलंस."

"तेव्हापासून मीच बसलोय. लिंबा पुन्हा आमच्या घरी आला नाही. आबा दोनदा बोलवायला गेले, तर म्हणाला, 'मला आपली नाव बरी.' हातात आलेली विद्या त्यानं नदीत सोडली, बुवा! मी मात्र आबांच्या पुढ्यात बसून राहिलो. त्यांनी सगळं शिकवलं, काही हातचं राखलं नाही. पण शिकवताना त्यांचं लक्ष दाराकडे असायचं. आणि शेवटी नाव घेतलं ते त्याचंच."

त्यानं पखवाजाची खोळ पुन्हा सारखी केली.

"अस्थी न्यायला त्याचीच नाव होती," तो म्हणाला. "माझ्याकडे पाठ करून वल्हं मारत होता. पाठ हलत होती त्याची, रडत असावा. मी हाक मारणार होतो... नाही मारली."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात परात होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची पितळी वाटी.

"वाजव."

"आत्ता?"

"इतक्या लांब आणलास तो काय मांडीवर निजवायला? ही माझ्या पोळ्यांची कणीक आहे. लागेल तेवढीच घे, नाहीतर मला उपाशी ठेवशील."

त्र्यंबकनं खोळ काढली. कणीक सैल केली, डाव्या तोंडावर थापली, थाप मारून पाहिली, पुन्हा जराशी लावली. मग मांडी घालून बसला आणि वाजवायला लागला.

हात खरंच तयार होता. डावं घुमलं तशी ओसरीच्या खांबावरची पाल आत पळाली. जलद बोलांचं गदिगन सुरू झालं आणि त्र्यंबक आपलं दुःखही विसरला. त्याची नजर समोर नदीवर होती.

बुवा त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसले. वाटी हातात धरून.

वारा सुटलाच होता. थोड्या वेळानं त्यांनी वाटी जराशी पुढे केली. त्र्यंबकची बोटं पाण्यात बुडाली, कणकेवरून फिरली आणि पुढच्या मात्रेला थापेवर हजर झाली. बोल कुठेही तुटला नाही.

"थांब," बुवा म्हणाले.

तो थांबला.

"पाणी कधी लावलंस?"

"पाणी?" त्र्यंबकनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटं ओली होती. तो हसला. "ते बघावं लागत नाही, बुवा. कणीक सुकायला लागली की हाताला आधी कळतं. वाटी पुढे आली की हात आपसूक जातो. थांबवायचं म्हटलं तरी थांबायचा नाही."

"हे कधी येतं अंगात?"

"हे सगळ्यात आधी येतं. आबांनी पहिल्या वर्षी तेच घोटून घेतलं होतं. लिंबाचा हात तर माझ्याही आधी..."

त्र्यंबक थांबला.

बुवा वाटीतल्या पाण्याकडे बघत बसले.

"त्या दिवशी वाटी होती?" त्यांनी विचारलं.

"होती."

"कुणाच्या हातात?"

"माझ्या."

"पुढे केली होतीस?"

"केली होती... एकदा केली. पुन्हा केली. त्यानं वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि..."

"आणि?"

"हसला."

वाऱ्यानं परातीच्या कडेचं सुकं पीठ थोडं उडालं.

"मला वाटलं, माजलाय," त्र्यंबक म्हणाला. "माझ्या हातचं पाणीसुद्धा याला नको, असं वाटलं. आजवर सगळ्यांना तेच सांगत आलो. बुवा, त्यानं हात आवरून धरला होता? भरल्या देवळात... आबांची बोलणी खायला... माझ्यासाठी?"

बुवांनी वाटी खाली ठेवली.

"तुम्ही समोर उभे होता. तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"ज्यानं केलं तो गप्प बसला. मी मध्ये तोंड घालणारा कोण?"

"मग आज का सांगितलंत?"

"मी काय सांगितलं? वाजवलंस तू."

त्र्यंबकनं पखवाजावर डोकं टेकलं आणि तो रडला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण रडणं त्या नावेतल्या पोराचंच होतं. त्याला आजवर वाटत होतं की आपल्याला आबा हवे होते. सगळा जन्म त्यानं आबांची एक शाबासकी मिळावी म्हणून घालवला. आता कळत होतं की आबांवाचून भागलं असतं. ती ओली फळी हवी होती, आणि समोर बसून 'हं, आता तू' म्हणणारा लिंबा हवा होता.

सूर्य नदीवर उतरला. पलीकडून लिंबाची नाव निघाली, इकडच्या घाटाला लागली. शेवटचे उतारू चपला हातात घेऊन वर चढून गेले. मग घाटावर कुणी उरलं नाही.

"ऐक," बुवा म्हणाले.

खालून आवाज आला. लाकडावर पडलेली थाप. रुंद पंजाची.

"रोज वाजवतो," बुवा म्हणाले. "पखवाजाला पुन्हा हात लावला नाही, पण फळी सोडली नाही त्यानं. माझे कान गेलेत, तरी हे ऐकू येतं. एक मात्र मला कधी कळलं नाही. मध्येच थांबतो. अर्धा बोल सोडून थांबत नाही, पुरा करून थांबतो. मग पुन्हा पुढचा. कशाला थांबत असेल?"

त्र्यंबक कान देऊन ऐकत होता. एक बोल झाला. मग काही नाही. पाण्याचा चुबूक चुबूक आवाज तेवढा. मग पुढचा बोल. पुन्हा काही नाही.

त्या मधल्या वेळात तोच बोल बरोबर मावत होता. त्र्यंबकची बोटं मांडीवर हलली.

तो उठला. पखवाजाला खोळ चढवायला लागला, मग डावीकडची कणीक काढायला हात घातला.

"राहू दे," बुवा म्हणाले. "ओली आहे अजून."

"आत्ता जाऊन देतो त्याला," त्र्यंबक म्हणाला. दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच उभा राहिला. "बुवा... घेईल का तो? इतकी वर्षं मी पुलावरून गेलो. आता त्याच्यापुढे उभा राहून बोलू तरी काय?"

बुवांनी वाटीतलं पिठाळ पाणी अंगणातल्या तुळशीला ओतलं. माठातून ताजं पाणी घेतलं, पायऱ्या उतरून आले आणि वाटी त्याच्या मोकळ्या हातात दिली.

"काही बोलू नकोस. ही पुढे धर."