मथुराआत्याचं बेचाळिसावं पान

खैरवण्याला सडक नव्हती आणि डोंगर उतरून पायीच यावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची ते कुणी नक्की सांगत नाही. कुणी म्हणतं शंभर, कुणी म्हणतं त्याहून जास्त. पण गावात तेव्हा बेचाळीस घरं होती, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

त्या बेचाळीस घरांना एकच वाट जोडत होती. ती गावकरांच्या दारातून निघायची, झऱ्याला वळसा घालायची, पोफळीच्या बागांमधून एकेका अंगणाला लागत जायची आणि शेवटी पुन्हा गावकरांच्या दारात यायची. गावकर म्हणजे गावाचा मानकरी; त्याचं घर बेचाळिसांत धरत नसत. कुणाचं लग्न ठरलं की त्या घरचं बोलावणं घेऊन एक माणूस या वाटेने फिरे. प्रत्येक अंगणात उभं राहून, घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन, तो मोठ्याने लग्नाला बोलावी. हे काम रामजीकडे होतं. पहिल्या घरचं बोलावणं पाचव्या घरी ऐकू जाई आणि पाचव्या घरची माणसं आपली पाळी यायच्या आधीच हो म्हणून मोकळी होत, असं म्हणतात.

मथुरा या रामजीची मुलगी. बापाचा आवाज तिच्या वाट्याला मुळीच आला नव्हता. घरात ती बोलायची, म्हशीशी तर पुष्कळ बोलायची, पण चार माणसं समोर आली की तिचे शब्द घशातच राहत. मग ती नुसती बघत राही. कुणाच्या ओटीवरचा खांब पाठ टेकून टेकून झिजलाय, कुणाच्या उंबऱ्यावरची गेरूची रेघ डावखुऱ्या हाताने ओढलेली आहे, कुणाच्या शिंक्याची तीन दोऱ्यांतली एकच दोरी नवी आहे, हे सगळं तिला दिसे. ज्यांची घरं होती त्यांनाही कधी ते दिसलं नव्हतं.

एका माघात रामजीला खोकला लागला. खोकला गेला, पण बसलेला आवाज पुन्हा उठला नाही. आणि झऱ्याजवळच्या घरात लग्न तर ठरलेलं होतं. रामजीने मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी कुजबुजत दोन नियम सांगितले. घर चुकवायचं नाही. निघालीस की मागे फिरायचं नाही.

मथुरा निघाली. पहिल्या अंगणात उभी राहिली. घरातली माणसं बाहेर आली आणि वाट बघू लागली. मथुराचं तोंड उघडेना. ती भिंतीकडे बघत राहिली. शेवटी त्या घरची म्हातारी म्हणाली, "अगो, बोलावणं करायला आलीस की आमची भिंत मोजायला?"

सगळे हसले. मथुराचे कान तापले. पण मागे फिरायचं नव्हतं, म्हणून ती पुढच्या घरी गेली. तिथेही तेच झालं. त्याच्या पुढच्या घरीही तेच. बेचाळीस अंगणांत ती उभी राहिली आणि एकाही अंगणात बोलली नाही. संध्याकाळी सबंध गाव एकमेकांना विचारत होतं, की लग्न नेमकं कुणाचं आहे.

रामजी रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, की काय काय बघितलंस. मथुरा सांगू लागली. पहिल्या घरापासून बेचाळिसाव्या घरापर्यंत एकेक भिंत, एकेक खांब, एकेक उंबरा. तिचं सांगणं संपलं तेव्हा चुलीवरची पेज आटून गेली होती.

"मग हेच सांग त्यांना," रामजी म्हणाला.

"कसं?"

"ते मला काय ठाऊक? हात आहेत ना तुला."

पोफळीची विरी सगळ्यांनी पाहिलेली असते. झावळी गळून पडते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखं रुंद आवरण असतं, ती विरी. गावात तिचे द्रोण करत, नाहीतर चुलीत घालत. मथुराने विऱ्या गोळा केल्या. पाण्यात भिजवून, पाट्याखाली दाबून सपाट केल्या. विळीवर कापून एकेक तुकडा मधोमध दुमडला. वर हळदीचा हात फिरवला. आणि आतल्या बाजूला करवंदीच्या काट्याने बारीक बारीक भोकं पाडून चित्र टोचलं. प्रत्येक घरासाठी एक पान, आणि प्रत्येक पानावर त्याच घरातली एक गोष्ट. झिजलेला खांब. डावखुरी रेघ. एका नव्या दोरीचं शिंकं. बाहेरच्या बाजूला मात्र सगळ्यांना सारखंच, लग्नघराचं दार.

पुन्हा ती बेचाळीस अंगणं फिरली. या वेळी तिने काही बोलायचा प्रयत्नच केला नाही. हातात पान ठेवलं आणि पुढे निघाली. पहिल्या घरच्या म्हातारीने पान उघडून उजेडाकडे धरलं. तिच्या भिंतीला एक तडा होता आणि तो झाकायला तिने त्याच्यावर गेरूचा पोपट काढला होता. कुणाला ते आजवर कळलं नव्हतं. पानावर पोपट होता आणि पोपटाच्या पोटातून जाणारा तडाही होता. म्हातारीने भिंतीवरच्या पोपटावरून बोट फिरवलं. मग सुनेला म्हणाली, "हिने भिंत खरंच मोजली गो."

त्या लग्नाला बेचाळीसच्या बेचाळीस घरं आली.

आता पानांतली दुसरी गंमत ऐका. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेने एक वेल आत शिरे, चित्राला वळसा घाली आणि उजव्या कडेने बाहेर जाई. पहिल्या लग्नात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण मुलांनी ओटीवर खेळता खेळता पानं ओळीने मांडली, तेव्हा एका पानावरची वेल दुसऱ्या पानावर पुढे चालू झाली. वाटेवर घरं ज्या क्रमाने लागतात, त्याच क्रमाने ती चालत होती. तेव्हापासून रीत पडली. लग्नाला येताना प्रत्येक घराने आपलं पान परत आणायचं आणि मांडवाच्या दोरीला आपल्या जागी बांधायचं. सकाळचं ऊन भोकांमधून आत आलं की सारवलेल्या जमिनीवर वेल उमटे, लग्नघराच्या दारातून निघून पुन्हा त्याच दारात येई. तिच्यावर मधमाश्या बसायला बघत, असं म्हणतात.

वर्षं गेली. रामजी गेला. मथुराचं लग्न झालं होतं की नाही, यावर गावात दोन मतं आहेत. पण ती राहिली माहेरीच, आणि म्हणून सगळ्या गावाची आत्या झाली. एकटीचं घर, एकटीची चूल. तरी तिला कधी एकटं वाटलं नाही, कारण बेचाळीस अंगणं तिची होती.

अंताजी गावकर झाले त्या वर्षी दसऱ्याच्या बैठकीत धाकू उठून उभा राहिला. धाकूचं घर वाटेवरचं शेवटचं, म्हणजे गावकरांच्या शेजारचं. दोघांत कुंपण एकच. धाकू म्हणाला, झऱ्याच्या पाण्याच्या गावकरांच्या बागेला दोन पाळ्या आणि खालच्या घरांना एक, हे बरोबर नाही. एवढंच बोलला आणि खाली बसला. पण सगळ्यांच्या देखत बोलला. संध्याकाळपर्यंत धाकूचं घर वाळीत पडलं. त्याच्याकडे कुणी विस्तव मागायला जाईना, त्याच्या ओटीवर कुणी टेकेना. गावकरांची मुलगी कृष्णी लहानपणी अर्धी त्या घरातच वाढली होती. तीही कुंपणापाशी येई आणि परत जाई.

वैशाखात कृष्णीचं लग्न ठरलं. अंताजींनी मथुराला बोलावून सांगितलं, "एकेचाळीस पानं. कळलं ना?"

मथुराने मान हलवली. मान ती नेहमीच हलवायची.

घरी येऊन ती पानं करायला बसली. बेचाळिसावं केलं आणि दिलं, तर धाकूच्या घराबरोबर तिचंही घर वाळीत पडलं असतं. मग एकही अंगण तिचं राहिलं नसतं. नाही केलं, तर बापाने सांगितलेला पहिला नियम मोडत होता. यातून सुटायला सोपी युक्ती होती. एकेचाळिसाव्या पानावरच वेल गावकरांच्या दाराकडे वळवायची. कुणाला कळलंही नसतं, की मध्ये एक घर होतं. तिने वळणावर काटा टेकवला. हात पुढे जाईना. तिने पाणी पिऊन पुन्हा टेकवला. तरी जाईना. शेवटी तिने वेल उजव्या कडेने तशीच बाहेर सोडली आणि एकेचाळीस पानं घेऊन निघाली.

वाट धाकूच्या अंगणातूनच जात होती. धाकूची बायको गंगू दाराजवळच्या भिंतीला चुना लावत होती. तिने मथुराला पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मथुराला नाही म्हणावं लागलं असतं. मथुरा खाली मान घालून जाणार होती, पण तिचे डोळे तिचं कधी ऐकत? ते भिंतीकडे गेले. भिंत पांढरीशुभ्र झाली होती, फक्त दाराशेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक जागा गंगूने सोडली होती. चुन्याचा कुंचला त्या जागेला वळसा घालून गेला होता. एकदाच नाही, वर्षानुवर्षं, कारण भोवती चुन्याचे थर चढून तिथे एक कोनाडाच तयार झाला होता.

मथुराने बघितलं आणि ती सरळ घरी गेली. बेचाळिसावं पान तिने एका बैठकीत केलं आणि कनवटीला लावलं.

लग्नाची सकाळ उजाडली. वऱ्हाड डोंगर उतरत होतं आणि त्याचा ढोल ऐकू येऊ लागला होता. मांडवाच्या दोरीला पानं बांधली गेली. ऊन आत आलं. जमिनीवर वेल उमटली, सगळा मांडव फिरली आणि घराच्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. नवरीने ओलांडायचा तो उंबरा आणि वेल यांच्यामध्ये नुसती जमीन होती. कुणी दोरी ओढून पानं जवळ आणली. कुणी कोरी विरी कापून बांधली. वाऱ्याने ती तीनदा खाली पाडली, असं म्हणतात. बायका आपसात कुजबुजायला लागल्या. अपुऱ्या वेलीवरून मुलीला कसं पाठवायचं?

अंताजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "मथुरा, एक पान कमी पडलं?"

सगळा मांडव तिच्याकडे वळला. दीडशे माणसं असतील. मथुराने नेहमीसारखी भिंतीकडे बघायला मान वळवली, पण मांडवाला भिंत नव्हती. बघायला फक्त माणसं होती. मग तिने माणसांकडे बघितलं.

"कमी नाही," ती म्हणाली. "माझ्याजवळ आहे."

"मग बांध."

"मी बांधायचं नसतं. ते त्या घरातून यायला हवं."

"एकेचाळिसांत वेल जुळवता आली नसती तुला?"

"अंताजीदादा, तुमच्या दारात येणारी वाट धाकूच्या अंगणातून येते. ती मी कुठून वळवू?"

ती हळूच बोलली होती. पण ते बोलणं बेचाळीस घरांत ऐकू गेलं, झऱ्यापलीकडे गेलं, डोंगरावर वऱ्हाडाने ऐकलं आणि ढोल वाजायचा थांबला, असं म्हणतात. त्या शांततेत पहिल्या घरची म्हातारी, आता अगदी वाकलेली, म्हणाली, "रामजीची मुलगी ती. आवाज जपून ठेवला होता इतकंच."

अंताजींनी हात पुढे केला. मथुराने पान दिलं. त्यांनी ते उघडलं. आत बोटभर पंजा टोचलेला होता, करंगळी जराशी वाकडी.

"हे काय?"

"तिथे जाऊन बघा."

गावकरांच्या दारापासून धाकूचं दार वीस पावलं. अंताजींना ती वीस पावलं चालायला किती वेळ लागला, ते प्रत्येक सांगणारा वेगळं सांगतो. गंगू दारात उभी होती. तिच्या शेजारी पांढऱ्या भिंतीत ती सोडलेली जागा होती आणि त्या जागेत गेरूचा इवलासा पंजा. कृष्णी तीन वर्षांची असताना गेरूत हात घालून धावत आली होती आणि पडू नये म्हणून तिने भिंत धरली होती. करंगळी वाकडी. कृष्णीची अजून वाकडीच होती.

अंताजी पानाकडे बघत राहिले, मग भिंतीकडे. मग ते चार पावलं मागे सरले, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि रामजी बोलावायचा तसं मोठ्याने, नाव घेऊन म्हणाले, "धाकू, गंगू, आमच्या कृष्णीचं लग्न आहे. घरातल्या सगळ्यांनी यायचं."

आतून धाकूचा आवाज आला, "आणि पाण्याच्या पाळीचं?"

"एक पाळी मी सोडली," अंताजी म्हणाले. "आता येतोस का?"

गंगूने पान घेतलं, मांडवात आणलं आणि दाराशेजारी बांधलं. वेल जुळली. ऊन त्या शेवटच्या पानातून आलं आणि उजेडाचा एक इवलासा पंजा नवरीच्या हळदीच्या तळहातावर येऊन टेकला, वाकड्या करंगळीवर वाकडी करंगळी. आणि जमिनीवरची वेल हलली, उंबरा चढली, दाराच्या चौकटीवरून वर गेली आणि फुलली. वैशाखात सुरंगीची फुलं संपलेली असतात. तरी मांडवात सुरंगीचा वास सुटला आणि वऱ्हाड त्या वासावर वाट काढत आलं, असं म्हणतात.

मथुराआत्या त्यानंतर चारचौघांत पुन्हा बोलली नाही. तिला बोलायचं काही कारणच उरलं नाही.

आता खैरवण्याला सडक आहे. घरं शंभराच्या वर गेली. लग्नपत्रिका छापून येतात, मोबाइलवरही येतात. पण प्रत्येक घरासाठी विरीचं एक पान अजून हातानेच करतात, आणि वेल अजून वाटेनेच चालते. ज्या घराशी बोलणं तुटलंय त्या घराचं पान शेवटी द्यायला ठेवतात. ते द्यायला लग्नघरच्या कर्त्या माणसाने स्वतः जायचं असतं. अंगणात उभं राहून आधी भिंत बघायची, मग बोलावायचं.

आणि गणपतीच्या आधी घरं रंगवायला काढतात, तेव्हा दाराशेजारी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हाताच्या पंजाएवढी जागा तशीच सोडतात. तालुक्याहून आलेले रंगारी डबा घेऊन परत येतात आणि विचारतात, "ताई, इथे जरा राहिलंय."

घरातली बाई सांगते, "राहिलं नाही. ठेवलंय."