एकविसाव्या दिवसाची हाक

पूर्वी कुंभवती नगरीत सुषेण राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आला होता. लोक त्याला अनोम म्हणत; पुढे तो राजवैद्य झाला. त्या काळी देवीच्या फोडांनी मुले पटापट दगावत. त्यावर अनोमने टोचणी शोधून काढली. सुकलेल्या खपलीची पूड तो सुईने मुलाच्या दंडावर टोची; थोडे दिवस ताप येई, आणि पुढे देवी त्या मुलाच्या वाटेला जात नसे.

टोचणीला लोकांनी एक रीत जोडली होती. एकवीस दिवस त्या घरात मोठ्याने बोलायचे नाही, आणि मुलाचे नाव तर मुळीच घ्यायचे नाही. देवीने ते ऐकले तर ती मुलाला ठेवून घेईल, अशी समजूत. एकविसाव्या दिवशी ज्याने टोचले त्यानेच दाराबाहेरून पहिली हाक मारायची. मूल ओ देई, मग घर बोलू लागे. अनोमला ही रीत खुळी वाटे, तरी तो ती पाळी, कारण त्या निमित्ताने प्रत्येक मूल पुन्हा एकदा पाहणे होई.

एका वर्षी त्याने कोष्ट्यांच्या आळीत सात मुलांना टोचले. एकोणिसाव्या दिवशी राजाची पालखी आली. परदेशात वैद्यांची सभा भरली होती, आणि तिथे अनोमची टोचणी मिरवायची होती. अनोम गेला. मानपानात चार महिने कसे सरले, त्याला कळलेही नाही.

दरम्यान भद्रक नावाचा दुसरा राजवैद्य आळीत डोकावला. सात मुले गप्प दिसली. त्याने कोणाला काही विचारले नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. 'टोचणी मुलाचा आवाज खाते' असे ताडपत्रावर लिहून त्याने ते भर बाजारात वाचून दाखवले. बातमीला पाय फुटले. आयांनी मुले कणग्यांआड लपवली. आणि नेमकी तेव्हाच नदीखालच्या गावात देवीची साथ आली.

परतलेला अनोम तडक आळीत गेला. लख्ख दुपार होती, पण मागांचा खटखटाट नव्हता. कोष्टी मागावर बसले होते, धोटा इकडून तिकडे जात होता, मात्र मागाच्या प्रत्येक लाकडाला चिंध्या गुंडाळल्या होत्या. एका बाईने घागर ठेवली तीसुद्धा घडी घातलेल्या गोधडीवर. सात उंबऱ्यांवर सात मुले ओठांवर बोट ठेवून बसली होती. अनोमला पाहताच ती सगळी एकदम उभी राहिली. आवाज कोणीच केला नाही.

पहिल्या घरातून धनिका बाहेर आली. तिचा केसर त्या सातांतला. कडेवर दोन वर्षांची सोमा, अजून न टोचलेली.

"वैद्यबाबा, तुम्ही हाक मारायला आलाच नाहीत," ती कुजबुजली. "आम्ही वाट बघत राहिलो. नाव घ्यावं तर देवी ऐकेल, ही भीती. आता हिला टोचू की नको, तेवढं खरं सांगा. खालच्या गावात काल तीन पोरं गेली."

अनोमला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वाट सोपी होती. हळूच सात हाका माराव्यात, मुले बोलतील, भद्रक खोटा ठरेल, आणि एकोणिसाव्या दिवसाचे कोणी विचारणारही नाही. हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने राजाला आणि सगळ्या नगराला त्या आळीत बोलावले. "यांचा आवाज टोचणीने खाल्ला नाही, मी खाल्ला," तो म्हणाला. "मी पालखीत बसलो आणि माघारी पाहिले नाही. भद्रकाने विचारले नाही, हा त्याचा दोष. विचारण्याजोगे काही मागे ठेवले, हा माझा."

मग त्याने पहिल्या उंबऱ्यावर हाक मारली, "केसर." मुलाचे बोट ओठांवरून हळूहळू खाली आले. "ओ." विहिरीच्या तळातून यावा तसा तो आवाज होता. अशी सहा मुले बोलली. सातवा रेवत नुसता हसला.

"बघा, बघा," भद्रक म्हणाला.

"रेवतला जन्मापासून ऐकू येत नाही," अनोम म्हणाला. "टोचण्याआधी त्याच्या आजीने मला सांगितले होते. मी ते लिहून ठेवले नाही."

"खरंय," आजी म्हणाली. "पाळण्यात होतं तेव्हापासून, भांडं पडलं तरी दचकायचं नाही पोर."

राजाने अनोमची पालखी आणि पद दोन्ही काढून घेतले. गर्दी पांगू लागली, तेव्हा धनिका सोमाचा दंड उघडा करून त्याच्यापुढे आली.

"ह्यानंच घोळ घातला, आणि परत ह्याच्याकडेच?" शेजारीण म्हणाली.

"सात नावं घेतली, ओ सहाच आल्या, हे त्यानं झाकलं नाही. सुई ह्याच्याच हातात बरी."

"ताप येईल," अनोम म्हणाला. "क्वचित जास्तही येतो. मी उंबऱ्यावरच असेन."

तो एकवीस दिवस तिथेच बसला. नवव्या दिवशी साथ नगरीत शिरली. टोचणीच्या भीतीने मुले लपवलेली आळीतली कित्येक दारे तिने उघडली. या दारावरून ती पुढे गेली. एकविसाव्या दिवशी अनोमने हाक मारली, "सोमा." आतून "ओ" आली, आणि धनिकाने मागाच्या चिंध्या सोडायला घेतल्या.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते त्यांना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. धनिका आज भिक्षुणीसंघात आहे. हाक मारायला उशीर करणारा अनोम तो मीच." भद्रक कोण होता, हे त्यांनी सांगितले नाही, पण मागच्या ओळीत एका भिक्षूने मान खाली घातली. "आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा," शास्ते म्हणाले. "ज्या दारांतून साथ आत शिरली, तिथल्या मुलांना मी आजही हाका मारतो. ओ येत नाही."