भिवरेच्या तीन मुठी

एका राज्यात राजाच नव्हता. गावोगावचे लोक कौल देऊन आपापला माणूस राजसभेत धाडत. ऐकायला गोड! पण सभेच्या दारात एका जादूगारानं सोन्याचं घंगाळ मांडलं होतं. निवडलेल्याला लोक वाजतगाजत आणत आणि मोठ्या मानानं, आपल्याच हातांनी, त्यातल्या पाण्यानं त्याचे पाय धूत. पायांची माती गेली की गडी गाव विसरे. अरे, काय म्हणावं या लोकांना? दर पाच वर्षांनी पुन्हा तिथंच रांग लावत.

चिंचणखोऱ्याची नदी सभेनं आपल्या कारंज्यांकडे वळवली. गावानं दोन माणसं धाडली, दोन्ही विसरली. तिसरा गेला गावातल्याच भिवरा नावाच्या बाईचा सख्खा भाऊ, येसाजी. इकडे विहिरी आटल्या. गढूळ पाणी पिऊन भिवरेची तान्ही लेक गेली. भिवरा सभेत धावली, तर येसाजी म्हणाला, "आपण कोण, बाई? नदी तर भरून वाहते आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पिंपळावरची साळुंकी म्हणाली, "त्याचे पाय तूच धुतलेस, भिवरे."

"होय. पाप माझं. उतारा सांग."

"तीन मुठी आण. आटलेल्या विहिरीचा गाळ. विझल्या चुलीची राख. आणि तान्ही पोरं पुरतात, तिथली माती."

गाळ मिळाला. राखेला काय तोटा, निम्म्या गावच्या चुली थंड होत्या. तिसऱ्या मुठीला हात धजेना. तरी तिनं ती भरली.

दारात भालदार आडवे आले. त्यांना चुकवून भिवरेनं घंगाळ लाथेनं उलथलं. पाणी जमिनीत जिरलं, त्याबरोबर जादूगारही जिरला. मग आत जाऊन तिनं येसाजीच्या पायांना तिन्ही मुठींची ती माती फासली.

येसाजीनं मान वर केली. "भिवरे, तू? लेक कुठं आहे तुझी?"

"तुझ्या पायाला लागली आहे."

तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग उठून त्यानं भर सभेत गावची तहान सांगितली. उरलेली माती भिवरेनं एकेका सभासदाच्या पायांना लावली, तसे सगळे माना खाली घालून बसले. तिथंच कायदा झाला : सभासदानं मळल्या पायांनीच आत यावं, दर महिन्याला गावासमोर उभं राहावं, आणि गाव विसरला तर गावानं त्याला माघारी बोलवावं.

एक म्हातारा सभासद कुरकुरला, "मग आमच्या मानाचं काय?"

"आधी पाणी सोड," भिवरा म्हणाली.

त्यानं नदीवर जाऊन स्वतःच्या हातांनी बांध फोडला. नदी चिंचणखोऱ्याकडे वळली.