चाळिसावा क्रूस

एका राज्यात वेशीवर क्रूस, रहाटावर क्रूस, उंबऱ्याउंबऱ्यावर क्रूस. कालदंत मांत्रिकाने राजाला सोन्याचा क्रूस नजर केला होता आणि म्हटले होते, "याला हात लावला, की प्रार्थना झाली." लोकांना सोय आवडली. त्यांनी घरोघर तसेच घडवले. येता-जाता हात लावायचा, चालू पडायचे. प्रभूशी बोलणे हळूहळू सुटले.

मग राणी तबिथाची सहा महिन्यांची नेओमी पायांपासून सोन्याची होऊ लागली. राणीने तिच्या गळ्यात क्रूस घातला. सोने गुडघ्याशी आले, आणखी घातले. एकोणचाळीस झाले, सोने कमरेवर चढले, तरी तिला आपले वाटे, चाळिसावाच गुणाचा असेल.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. "राणीसाहेब, लेकीला छातीशी धरायला जागा ठेवलीत का?"

"टोमणे नकोत. उपाय सांग."

"माझ्याकडे दोन्ही एकत्रच मिळतं. दिवस मावळायच्या आत भुकेल्याला जेवू घाला, रोग्याची सेवा करा, वैऱ्याला क्षमा करा. हे सोनं चढवलंय कालदंताने, तो डोंगरावरच्या गुहेत भेटेल."

जड झालेल्या लेकीला कडेवर घेऊन राणी निघाली. वेशीपाशी भुकेली म्हातारी भेटली. राणीने सवयीने लेकीच्या गळ्यातला एक क्रूस म्हातारीच्या कपाळाला टेकवला.

"बाईसाहेब, हा चावायचा कसा?"

राणी ओशाळली. तिने आपली शिदोरी पुढे केली. ओढ्याकाठी अंगभर जखमा झालेला रोगी होता. तिचा हात पुन्हा क्रूसाकडे गेला. तो मागे घेऊन तिने त्याच्या जखमा धुतल्या. सोने चढायचे थांबले, पण उतरेना.

वैरी कालदंत गुहेच्या दारात बसला होता. राणीने क्रूस उंचावला. "क्षमा केली."

"ही तर माझीच शिकवण!" तो हसला. सोने सरसर बाळाच्या गळ्याशी आले.

राणीने लेकीच्या गळ्यातले एकोणचाळीसही क्रूस काढून जमिनीवर ठेवले. बोलायचे काय, तेच आठवेना. "प्रभू," ती कशीबशी म्हणाली, "याचा गळा आवळावासा वाटतो. मला क्षमा करता येत नाही. तूच माझ्याकडून करून घे."

ती पोटभर रडली. मग कालदंताला म्हणाली, "जा. तुझं वाईट चिंतत नाही मी." तिचे तिलाच नवल वाटले, पण ते खरे होते.

कालदंताची विद्या धुरासारखी विरली. तो मुकाट डोंगर उतरून गेला. सोने उतरले. नेओमीने टाहो फोडला आणि राणीचा शालू ओला केला.

"कर, माझे बाई, आणखी कर!" राणी हसत सुटली.

राजाने सोन्याचे क्रूस वितळवून भुकेल्यांसाठी धान्य घेतले. देवळावर एक लाकडी क्रूस राहिला. त्याखाली पहिली प्रार्थना राणीने केली. मध्येच अडखळली, कोणी हसले नाही. तिची लेक जशी पुन्हा उबदार झाली, तशी ऐकणाऱ्यांची घरे उबदार होवोत.