कुसुममावशींची कात्री

आमच्या वाचनालयात दर रविवारी प्रत्येकाने सध्या आवडीने काय वाचतोय ते सांगायचं. अध्यक्ष रावसाहेबांनी जाडजूड ग्रंथ उंचावला. "हा मी दुसऱ्यांदा वाचतोय! रहस्यकथा वाचणाऱ्यांचं सभासदत्व आजपासून रद्द."

माझ्या पिशवीत रहस्यकथाच होती. सातवीत शाळा सुटल्यावर हे वाचनालयच माझी शाळा झालं होतं.

गजरेवाल्या कुसुममावशी उठल्या. "मीपण तसलंच वाचते. बघू तुमचा ग्रंथ."

त्यांनी तो हातात घेऊन उघडून पाहिला. छापखान्यातून आलेली पानं कडेला अजून न कापता जोडलेलीच होती, पार शेवटपर्यंत.

मावशींनी गजऱ्याची कात्री पुढे केली. "न उघडता दोनदा वाचलंत? एवढं मोठं रहस्य माझ्या पुस्तकातही नाही हो! आधी पानं सोडवा, मग यादीतून आमची नावं काढा."

हशा ओसरल्यावर रावसाहेब पुटपुटले, "पुढचा कोण?"

मी पिशवीतून पुस्तक बाहेर काढलं.