चारची एसटी

“मग चूक कुणाच्या विचारात आहे, बाबा? माझ्या, की अण्णांच्या?”

शर्वाणी देऊळगावकर पुण्यात मानसशास्त्र शिकवायची. दर्ग्यालगतच्या तकियातले फकीर दस्तगीरबाबा समोर बसून लसूण सोलत होते.

फाट्यावरून चार वाजता दोन एसट्या सुटणार होत्या. एक पुण्याला, एक गावाकडे. आई गेल्यापासून वडिलांना, अण्णांना, गावी एकटं राहायचं होतं. शर्वाणीला ते पुण्यात, आपल्याजवळ हवे होते.

“त्यांना गावातलं सगळं गोडच आठवतं,” ती म्हणाली. “मन वाईट तेवढं गाळून टाकतं. शास्त्रात याला नाव आहे.”

“आणि तुला काय आठवतं?”

“शेजारचे काका घरी एकटे असताना न्हाणीघरात पडले, ते.”

“रोज?”

“...रोज.”

“त्याला नाव नाही?”



“आहे.”

बाबांनी एक पाकळी सोलून बाजूला ठेवली.

“अण्णा आत्ता कुठं आहेत?”

“बाहेर पारावर. हलू नका म्हणून बजावलंय.”

“बघ बरं.”

पारावर नुसती पिशवी होती.

बायकांचा गलका ऐकून ती धावतच तकियाच्या मागे गेली. तिथे हापशाभोवती बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मध्ये अण्णा, बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत भिजलेले. एक पाय अनवाणी.

“अण्णा!”

“ओरडू नकोस. वायसर बसतोय.”

“चप्पल कुठाय तुमची?”

“हापशात. वायसर कापला तिचा; कातडं चांगलं होतं.”

त्यांनी दांडा दाबला. हापसा दोनदा कोरडाच खोकला. मग पाणी आलं.

“महिन्यानं आलं, ताई,” एक बाई म्हणाली. “चार दिवस ठेवा की ह्यांना इथंच.”

“जमायचं नाही,” अण्णा म्हणाले. “आमच्या गावचे तीन हापसे बंद आहेत.”

आणि हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

शर्वाणी परत येऊन बसली.

“अण्णांना गावाच्याच एसटीत बसवते,” ती शेवटी म्हणाली.

बाबांनी मान डोलावली.

“पण बाबा... एकटे नीट राहतील ना ते?”

बाबांनी लसणाच्या सालांचं सूप झटकलं.

“तू मघाशी दर्ग्यात फुलं ठेवायला गेलीस ना, बेटी, तेव्हा त्यांनीही मला हेच विचारलं. तुझ्याबद्दल.”