एका पायावरचे सुभेदार

"माझ्या पुतळ्याच्या पायाशी हा झाडाचा बुंधा कशाला? काढून टाक!"

रोमन सुभेदार फुर्नियस गरजला, तशी डायोक्लीसची छिन्नी थांबली. डायोक्लीस हा त्याचा ग्रीक गुलाम, संगमरवराचे पुतळे कोरणारा. सुभेदारसाहेबांना आता स्वतःचा पुतळा हवा होता, आणि तोही साधासुधा नाही! एका पायावर झेपावणाऱ्या ग्रीक धावपटूचा जुना ब्राँझचा पुतळा होता, हुबेहूब तसा. धड त्या धावपटूचं, डोकं सुभेदारांचं! रोमच्या बड्या लोकांची ही हौसच होती. ग्रीस जिंकणं जमलं, पोट आत घेणं काही जमलं नाही. मग ग्रीकांचं पोट उसनं आणायचं!

"साहेब, तो पुतळा ब्राँझचा, आतून पोकळ," डायोक्लीस म्हणाला. "हा भरीव दगड. बुंध्याचा टेकू दिला नाही, तर घोट्यातून मोडेल."

"मला शिकवतोस? टेकू घ्यायला मी काय म्हातारा आहे? आठ दिवसांत बिनटेकूचा पुतळा उभा कर, नाहीतर दगडाच्या खाणीत जा!"

खाणीत गेलेला गुलाम परत येत नसे. डायोक्लीसने छिन्नी खाली ठेवली. त्याची मुलगी मिर्टो शेजारीच दगड घासून झिलई देत होती. तिला संताप आला आणि हसूही आलं.

"होईल की, साहेब!" ती म्हणाली.

"बघ! पोरीला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे."

"फक्त एक करा. डोकं वेगळं कोरून धडावर बसवायचं असतं. मान किती झुकते ते कळायला हवं. तुम्ही त्या धावपटूसारखे उभे राहा. बाबा जसं दिसेल तसंच कोरतील, केसाचाही फरक नाही. तुम्ही न घेतलेला टेकू पुतळ्यात दिसला, तर मीसुद्धा खाणीत जाईन. कबूल?"

"कबूल!"

सुभेदारांनी झगा सावरला, एक पाय उचलला, हात पुढे फेकला. बरोबरचे खुशमस्करे "वाहवा!" म्हणाले. तेवढ्यात पोट पुढे गेलं आणि बाकीचे सुभेदार त्याच्यामागून निघाले. पडता पडता त्यांनी डायोक्लीसच्या गळ्याला मिठी मारली.

"हलू नका!" मिर्टो ओरडली. "बाबा, हेच कोरा!"

"हेच? वेड लागलंय का तुला?" सुभेदार किंचाळले.

"तुम्हीच कबूल केलंत! आता शेकडो वर्षं चौकात हेच दिसेल. सुभेदार एका पायावर, आणि गुलामाच्या गळ्यात!"

खुशमस्कऱ्यांनी हसू दाबायला तोंडं फिरवली.

"नको, नको! त्यापेक्षा बुंधा कोर! चांगला जाडजूड कोर!"

"कोरतील. पण साहेब, एवढ्या लोकांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, सुभेदार गुलामाच्या गळ्यात पडले."

"मग आता करू काय?"

"सोपं आहे. गुलामाच्या गळ्यात पडलं, तर लोक हसतात. स्वतंत्र माणसाच्या गळ्यात पडलं, तर त्याला मैत्री म्हणतात!"

 फुर्नियस असा खदखदून हसला, की पोटाबरोबर डायोक्लीसही हलू लागला.

"जा, पोरी! तू आणि तुझा बाप, आत्तापासून दोघंही स्वतंत्र! सगळ्यांनी ऐकलंत ना?" आणि मग हळू आवाजात तो डायोक्लीसला म्हणाला, "मित्रा, आता मला धरून खाली बसव."